सांध्यावरचा खटका आणि चढा गांधार

प्रश्न
पायथनमध्ये मी एक लहानसा सिंथेसायझर लिहीत आहे. काळी एकचा षड्ज, म्हणजे २७७.१८ हर्ट्झ, धरून भूप रागाचा आरोह वाजवायचा आणि मागे तानपुऱ्यासारखा षड्ज चालू ठेवायचा, एवढाच बेत आहे. प्रत्येक स्वराची अर्ध्या सेकंदाची साइन लहर, वरचे काही हार्मोनिक (मूळ कंप्रतेच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींच्या लहरी) मिसळून, सेकंदाला ४४,१०० नमुने या हिशेबाने तयार करतो आणि पुढच्या स्वराला जोडतो. परंतु दर सांध्यावर ‘खट्’ असा आवाज येतो. शिवाय सप्तकाच्या बारा समान भागांचे सूत्र बरोबर लिहूनही गांधार बोचतो. चूक कुठे असावी?

उत्तर १
अर्ध्या सेकंदात षड्जाची १३८.५९ आवर्तने होतात. म्हणजे मूळ लहर उणे ०.५४ च्या आसपास असतानाच तुटते आणि ऋषभ शून्यापासून सुरू होतो. ती उडी म्हणजेच तुमचा खटका. प्रत्येक स्वराच्या आरंभी व शेवटी पाच मिलिसेकंदांचा, म्हणजे सुमारे २२० नमुन्यांचा, आवाजाच्या पातळीचा चढ-उतार द्यावा. पुढे मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणे) घ्यायची असेल, तर बदलत्या कंप्रतेला थेट वेळेने गुणू नये, दर नमुन्याला फेज (लहरीचे आवर्तनातले स्थान) थोडी थोडी वाढवत न्यावी.

उत्तर २
गांधाराबाबत सूत्र चुकलेले नाही, ते पेटीचे आहे. त्याने गांधार ३४९.२३ येतो, तर षड्जाच्या सव्वापट म्हणजे ३४६.४८ हवा. षड्जाचा पाचवा हार्मोनिक १३८५.९ वर आणि तुमच्या गांधाराचा चौथा १३९६.९ वर असल्यामुळे सेकंदाला अकरा थरथरी ऐकू येतात. (आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, तेव्हाच्या आक्षेपांत हे समान स्वरांतरही होते.) ऋषभ षड्जाच्या ९/८ पट आणि पंचम ३/२ पट ठेवावा. धैवत गांधाराशी जुळवायचा तर ५/३, ऋषभाशी जुळवायचा तर २७/१६. भूपात मी पहिला घेईन.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. गांधार बसला. मात्र खर्जातल्या षड्जाचे एक आवर्तनच ७.२ मिलिसेकंदांचे असल्याने पाच मिलिसेकंदांच्या उतारावर बारीक टिचकी उरली होती. उतार पंधरावर नेला, तेव्हा ती गेली. धैवत ५/३ च ठेवला आहे.