फेच साइझ देऊनही सगळ्या ओळी एकदम मेमरीत का येतात?

प्रश्न:
जावा, जेडीबीसी (जावातून डेटाबेसशी बोलायची सोय), पोस्टग्रेस डेटाबेस. एका टेबलमधल्या ४० लाख ओळी सीएसव्हीत काढायच्या आहेत, हीप (जावा प्रोग्रॅमला मिळणारी मेमरी) ५१२ एमबी. सेटफेचसाइझ (एका खेपेला किती ओळी आणायच्या) १००० दिलंय, एकेक ओळ वाचून लगेच फाइलीत लिहितोय, लिस्ट कुठेही नाही. तरी पहिली ओळ हाती येण्याआधी, एक्झिक्यूटक्वेरीवरच आउटऑफमेमरी. १०० करूनही तेच.

उत्तर १:
एक्झिक्यूटक्वेरीवरच कोसळतंय म्हणजे ऑटोकमिट (प्रत्येक क्वेरी आपोआप कमिट, म्हणजे पक्की करणं) चालू असणार, ते बंद करा. पोस्टग्रेसमध्ये साधा कर्सर (निकाल कुठवर वाचला याची खूण) ट्रान्झॅक्शन (कमिटपर्यंतचा क्वेऱ्यांचा एक गट) असेपर्यंतच जगतो. ऑटोकमिटमध्ये क्वेरी संपली की ट्रान्झॅक्शनही संपलं, मग पुढच्या हजार ओळी मागायच्या कुठून? म्हणून ड्रायव्हर फेच साइझ गुपचूप बाजूला ठेवतो आणि सगळं एकदम आणतो. एररही नाही, वॉर्निंगही नाही, त्यामुळे शोधायला फार त्रास होतो.

रिझल्टसेट (क्वेरीचा निकाल) फॉरवर्ड-ओन्लीच, म्हणजे फक्त पुढे वाचता येणारा हवा, आणि अर्धविरामाने जोडलेल्या दोन क्वेऱ्या एका स्टेटमेंटमध्ये नकोत. ओळ ५०० बाइटची धरली तर हजार ओळी म्हणजे जेमतेम अर्धा एमबी. ५००० केलेत तरी हरकत नाही. शेवटी कमिट करायला विसरू नका.

प्रश्नकर्ता:
ऑटोकमिट बंद केल्यावर चाललं, आभार. पण फाइल थेट ब्राउझरला पाठवली आणि समोरचं नेट संथ असलं तर?

उत्तर २:
मग ट्रान्झॅक्शन तितका वेळ उघडं राहतं. तोवर मेलेल्या ओळी (अपडेट-डिलीटनंतर उरलेल्या जुन्या प्रती) व्हॅक्यूमला, म्हणजे पोस्टग्रेसच्या साफसफाईला, काढता येत नाहीत आणि सतत अपडेट होणारी टेबलं फुगतात. आधी सर्व्हरवर फाइल पूर्ण लिहा, कमिट करा, मग पाठवा.

नाहीतर तुकड्यांनी आणा, पण ऑफसेटने (सुरुवातीच्या इतक्या ओळी सोडा असं सांगून) नको. ऑफसेट २० लाख म्हटलं की त्या २० लाख ओळी दर वेळी वाचून टाकून दिल्या जातात. त्यापेक्षा शेवटची ओळ लक्षात ठेवा:

व्हेअर (तारीख, आयडी) > (?, ?) ऑर्डर बाय तारीख, आयडी लिमिट ५०००

दोन्ही कॉलमवर मिळून एक इंडेक्स हवा. नुसती तारीख घेतलीत तर एकाच तारखेच्या ओळी तुकड्याच्या सीमेवर निसटतात. मात्र प्रत्येक तुकडा त्या-त्या क्षणाचा डेटा दाखवतो. हिशेबाची बेरीज जुळायलाच हवी असेल तर कर्सरच बरा.

उत्तर ३:
हाच कोड मायएसक्यूएलवर नेलात तर नियम वेगळे. तिथे कनेक्शनच्या सेटिंगमध्ये यूझकर्सरफेच ट्रू करून फेच साइझ द्या, किंवा फेच साइझला इंटिजर डॉट मिन व्हॅल्यू (जावातला सर्वात लहान इंटिजर) द्या, मग ओळी एकेक करून येतात. दुसऱ्या प्रकारात सगळ्या ओळी वाचून होईपर्यंत किंवा रिझल्टसेट बंद करेपर्यंत त्याच कनेक्शनवर दुसरी क्वेरी चालत नाही. लूपच्या आत ग्राहकाचं नाव शोधणारी क्वेरी असेल तर ती तिथेच एरर देईल. नाव जॉइननेच (मूळ क्वेरीतच ग्राहकांचं टेबल जोडून) आणा.