शब्दचर्चा: करमाफी, करमुक्ती, सूट, वजावट

तापीकाठ: प्रचारात मध्यमवर्गाचा विषय निघाला की आपल्याकडचे उमेदवार सर्रास 'बारा लाखांपर्यंत करमाफी' म्हणतात. कुणी 'करमुक्त' म्हणतं, कुणी 'सूट'. नेमका शब्द कोणता?

चोपडेकर: माफी आधीच अंगावर बसलेल्या देण्याची होते: कर्जमाफी, दंडमाफी. इथे तसं नाही. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत करमुक्त आहेत ते फक्त पहिले चार लाख. पुढच्या चार लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,००० आणि त्यापुढच्या चार लाखांवर १० टक्के म्हणजे ४०,००० कर आकारला जातो. हे ६०,००० आयकर कायद्यातल्या सूट देणाऱ्या कलमाखाली (१९६१ च्या कायद्यात ८७ए) सुटतात. म्हणून 'करात सूट'. पगारदाराला पगारातून ७५,००० ची प्रमाणित वजावट आधी मिळते, म्हणून त्याचा आकडा पावणेतेरा लाख होतो.

सराफगल्ली: जळगावच्या सोन्याच्या पेढीवर हा फरक रोज दिसतो. मोड दिली की आधी घट धरतात आणि उरलेल्या वजनाला भाव लावतात, ती वजावट. नव्या दागिन्याचं बिल झाल्यावर मजुरीत कमी करतात ती सूट. एक हिशेबाआधी, दुसरी हिशेबानंतर.

तापीकाठ: पण भाऊ, हातात येणारा पैसा तोच असेल तर शब्दाने काय बिघडतं?

चोपडेकर: तोच येत नाही, घोळ तिथेच आहे. करपात्र उत्पन्न १२,१०,००० धरा. बारा लाख खरोखर 'करमुक्त' असते तर वरच्या दहा हजारांवर १५ टक्के, म्हणजे १,५०० कर लागला असता. प्रत्यक्षात मर्यादा ओलांडताच सूट जाते आणि कर ६१,५०० निघतो. मर्यादेवर जेवढं कमावलं त्याहून जास्त कर लागू नये म्हणून सीमांत सवलत असते, तिच्यामुळे तो १०,००० वर थांबतो. त्यावर ४ टक्के उपकर वेगळा. ही सवलतही सुमारे १२ लाख ७० हजारांना संपते. शिवाय शेअर विकून झालेल्या नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नावरच्या कराला ही ६०,००० ची सूट नाही. एकूण आकडा बाराच्या आत आहे म्हणून निश्चिंत राहिलेला माणूस विवरणपत्र भरताना अडकतो तो इथेच.

पांझरा: 'माफी' सरसकट बाद करू नका. घरपट्टी थकली की महापालिका दरमहा २ टक्के शास्ती लावते. ती सोडून दिली तर 'शास्तीमाफी' हाच शब्द बरोबर, कारण ते देणं खरंच अंगावर बसलेलं असतं. मात्र मूळ घरपट्टी भरावीच लागते. भाषणात नुसती 'घरपट्टी माफ' अशी घोषणा झाली तर तिथल्या तिथे विचारा: मूळ रक्कम की शास्ती?

चोपडेकर: हे पटलं. आणखी एक, विधानसभेच्या उमेदवाराने आयकरावर आश्वासन देऊ नये. तो केंद्राचा विषय. राज्याच्या हातात व्यवसाय कर आहे, वर्षाला जास्तीत जास्त २,५००, आणि मुद्रांक शुल्क.

तापीकाठ: म्हणजे वाक्य असं हवं: 'नव्या प्रणालीत करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या आत असेल तर करात पूर्ण सूट.'

पांझरा: 'विशेष दराचं उत्पन्न सोडून' एवढं जोडा. वाक्य लांबतं, पण धुळ्या-जळगावचा नोकरदार त्याच वाक्यावर वर्षाचा हिशेब बांधतो.