मदत हवी आहे: प्रोकुदिन-गोर्स्कींचे रंगीत फोटो

नमस्कार मंडळी,
आमच्या वाचनालयात रशियन छायाचित्रकार सेर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की यांच्या फोटोंचं छोटं प्रदर्शन लावायचं आहे. १९०९ ते १९१५ या काळात झार दुसऱ्या निकोलसच्या पाठिंब्याने त्यांनी रशियन साम्राज्य पालथं घातलं. बुखाऱ्याचा अमीर, चाक्वाच्या (आजच्या जॉर्जियातलं गाव) मळ्यात चहा खुडणाऱ्या ग्रीक बायका, समरकंदमधली ज्यू मुलं नि त्यांचे गुरुजी, सगळे रंगीत! निळ्या, हिरव्या, लाल फिल्टरमधून एकापाठोपाठ तीन फोटो, एकाच काचेवर.

काचांचे स्कॅन अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर आहेत. ते तिन्ही फोटो मी स्वतः गिंप या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक जुळवतेय. इमारती छान बसतात, पण तेवढ्यात कुणी हललं असेल तर हाताभोवती लाल-हिरवी कड उमटते. ती घालवावी की तशीच ठेवावी? मला ठेवावीशी वाटते, तो माणूस तिथे खरंच श्वास घेत होता.

दुसरी अडचण मोठी आहे. तेव्हा रशियन लोक कझाखांनाही ‘किरगीझ’ म्हणत, मध्य आशियातल्या शहरी लोकांना ‘सार्त’. फोटोखाली जुनं नाव लिहू की आजचं? मध्य आशियाचा इतिहास कुणी अभ्यासलाय का? कृपया सांगा.