ज्यू वस्तीची पायी फेरी: मार्ग, मुलं आणि थांबे

प्रेषक: अनघा, सांस्कृतिक समिती

नमस्कार मंडळी,

मेच्या दुसऱ्या रविवारी ॲमस्टरडॅमच्या जुन्या ज्यू वस्तीत आपल्या मंडळाची पायी फेरी ठरली आहे. वाट दाखवायला एक निवृत्त इतिहास शिक्षिका येणार आहेत. त्या डचमध्ये बोलतील, लागेल तिथे मी मराठीत सांगेन.

ॲन फ्रँकचं घर यादीत का नाही, असं तिघा-चौघांनी विचारलं. ते घर प्रिन्सनग्राख्टवर आहे, या वस्तीपासून बरंच लांब, आणि भारतातून येणाऱ्या पाहुण्यांबरोबर आपण सगळेच तिथे जाऊन आलोय. शिवाय फ्रँक कुटुंब 1933-34 मध्ये जर्मनीतून आलेलं. त्याआधी तीनशेहून अधिक वर्षं ज्यू माणसं या शहरात राहिली, व्यापार केला, भांडली, पुस्तकं छापली, हिरे घासले. त्यांच्या गल्ल्यांतून आपण वॉटरलोप्लाइनच्या जुन्या बाजारात जातो आणि कुठून चाललोय ते कुणाला ठाऊक नसतं. मला ही फेरी त्या तीनशे वर्षांसाठी करायची आहे.

सुरुवात वॉटरलोप्लाइनलाच. हा चौक मुळात पाणी होता. 1882 मध्ये दोन कालवे बुजवून तो केला आणि पुढे योडनब्रेस्ट्राटवरच्या ज्यू हातगाडीवाल्यांना तिथे हलवलं. शेजारीच, नदीकाठच्या गल्ल्यांमध्ये, सोळाव्या शतकाच्या शेवटापासून पोर्तुगालमधून आलेले ज्यू राहू लागले. इन्क्विझिशनच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, धाकाने तिकडे ख्रिस्ती म्हणून जगलेली ही घराणी इथे येऊन पुन्हा उघडपणे आपला धर्म पाळू लागली. मागाहून जर्मनी-पोलंडकडचे, बरेच गरीब असलेले ज्यू आले. तत्त्वज्ञ स्पिनोझा या वस्तीतच 1632 मध्ये जन्मला आणि 1656 मध्ये याच वस्तीने त्याला बहिष्कृत केलं. त्याचा पुतळा पालिकेच्या इमारतीजवळ आहे, तिथे दहा मिनिटं थांबू. चित्रकार रेम्ब्राँचं घर योडनब्रेस्ट्राटवर आहे. तो 1639 ते 1658 तिथे राहिला, शेजारपाजार ज्यूंचा.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे पुढचं सगळं उलगडेल. इथल्या बहुतेक कारागीर-संघांची दारं ज्यूंना बंद होती. सुतार, शिंपी, बेकर होता येत नसे. मग जे धंदे नवे होते आणि ज्यांचा संघच नव्हता, त्यात ते शिरले: हिरे, तंबाखू, रेशीम, छपाई. नागरिक म्हणून समान हक्क मिळाले ते 1796 मध्ये. म्हणून पुढे प्लांटाज भागात हिरे कामगार संघटनेच्या इमारतीसमोर आपण नीट वेळ काढणार आहोत. वास्तुरचनाकार बेर्लाखेने बांधलेली ती 1900 सालची वास्तू किल्ल्याच्या धाटणीची आहे. संघटनेचे पुढारी हेन्री पोलाक. ज्यू आणि ख्रिस्ती कामगारांना एकत्र आणून या संघटनेने 1911 मध्ये आठ तासांचा दिवस पदरात पाडून घेतला. आपल्यातले जे आठवड्याला चाळीस तास भरून पाच वाजता लॅपटॉप मिटतात, त्यांनी त्या दारासमोर उभं राहायलाच हवं.

पोर्तुगीज सिनेगॉग मात्र सगळ्यांत जास्त वेळ घेईल. 1675 मध्ये ते पुरं झालं. मुख्य दालनात आजही वीज नाही. पितळी झुंबरांत जवळपास हजार मेणबत्त्या लागतात, आणि प्रार्थना संध्याकाळची असेल तर त्या खरोखर पेटवतात. लाकडी जमिनीवर बारीक वाळू पसरलेली असते, ओल आणि बुटांचा आवाज शोषून घेण्यासाठी. पवित्र ग्रंथांचं भव्य कपाट ब्राझीलहून आणलेल्या लाकडाचं आहे. आवारातली एत्स हाइम लायब्ररी 1616 पासून चालू आहे. एवढी जुनी, अजून वापरात असलेली ज्यू लायब्ररी जगात दुसरी नाही. इथे कृपया घाई करू नका, फोटोही बेताने काढा. ते आजही प्रार्थनेचं ठिकाण आहे.

तिथून डॉकवेर्करचा, म्हणजे गोदी कामगाराचा, पुतळा, वेस्परस्ट्राटवरचं नाझींनी मारलेल्यांच्या नावांचं स्मारक, वर्थाइमपार्क आणि शेवटी स्खाउबुर्ग नाटकगृह. सूचना असतील तर कळवा.

अनघा

प्रेषक: केतकी

अनघाताई,

मार्ग वाचून यायची ओढ लागली. अडचण मुलांची आहे. मोठी अकरा वर्षांची, तिच्या वर्गात ज्यूंच्या हत्याकांडाचा विषय होऊन गेलाय. धाकटा आठचा. 4 मेला रात्री आठ वाजता युद्धातल्या मृतांसाठी सगळा देश दोन मिनिटं स्तब्ध उभा राहतो, तेव्हा तो माझा हात धरून उभा असतो आणि नंतर विचारतो, "आई, त्यांना का मारलं?" माझ्याकडे त्याच्या वयाचं उत्तर नाही. स्खाउबुर्ग आणि नावांची भिंत मुलांसाठी वगळता येईल का? की मुलांना घेऊन मी सिनेगॉगनंतर परत फिरू? मला दोन्ही पटत नाहीयेत, म्हणून सगळ्यांपुढे विचारते.

केतकी

प्रेषक: वसंतकाका

चि. अनघा, चि. केतकी आणि सर्व मंडळी,

मी या शहरात ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आलो, तेव्हा वॉटरलोप्लाइन म्हणजे खणलेला खड्डा होता. बाजार शेजारच्या रस्त्यावर हलवलेला. आज जिथे पालिका आणि ऑपेरा एका छपराखाली आहेत, ती इमारत 1986 मध्ये उभी राहिली. तेव्हा मला वाटायचं, जुनं पाडून नवं बांधतायत, सगळीकडे होतं तसं. त्या घरांमधली माणसं कुठे गेली, हे माझ्या कचेरीतल्या एका वयस्कर डच बाईंनी सांगितलं.

1940 मध्ये या शहरात जवळजवळ ऐंशी हजार ज्यू होते, म्हणजे दहातला एक माणूस. देशातल्या सुमारे एक लाख चाळीस हजार ज्यूंपैकी एक लाख दोन हजारांहून अधिक नाझींच्या ताब्याच्या काळात मारले गेले. या वस्तीतली घरं रिकामी झाली. मग 1944-45 चा उपासमारीचा हिवाळा आला. कोळसा नाही, गॅस नाही. थंडीने गारठलेल्या लोकांनी त्या रिकाम्या घरांच्या तुळया, जिने, दारं उपसून जाळली, आणि तुळया गेल्यावर घरं कोसळली. युद्धानंतर ती परत बांधायला मालकच नव्हते. साठच्या दशकात पालिकेने वेस्परस्ट्राट रुंद केला, सत्तरच्या दशकात खालून मेट्रो नेली. घरं पाडण्याविरुद्ध 1975 मध्ये निउमार्क्टला मोठी दंगल झाली, ती याच मेट्रोपायी.

म्हणून अनघा, माझी एक विनंती. वेस्परस्ट्राटवर नावांच्या स्मारकाकडे वळण्याआधी सगळ्यांना रस्त्याच्या कडेला उभं करून तो रस्ता दाखव. एवढ्या जुन्या, अरुंद शहराच्या मधोमध हा एवढा रुंद रस्ता आणि दोन्ही बाजूंना ऑफिसच्या इमारती कशा आल्या, हे तिथेच विचार. वस्ती बघायला आलेल्या माणसाला तिथे वस्ती दिसतच नाही, हे आधी त्याच्या लक्षात आलं पाहिजे.

आणखी एक. शहराने काय केलं तेही सांगायला हवं. पालिकेच्या ट्रामनी ज्यूंना स्टेशनांपर्यंत नेलं आणि त्याचं भाडं वसूल केलं. छावण्यांतून जिवंत परतलेल्यांकडून, घर दुसऱ्यांच्या ताब्यात असतानाच्या काळाचं थकलेलं जमीनभाडं दंडासह मागितलं. ही कागदपत्रं 2013 मध्ये चर्चेत आली आणि मग पालिकेला पैसे परत करावे लागले. महापौरांनी शहराच्या वतीने माफी मागितली ती एप्रिल 2025 मध्ये. पण हेच शहर 25 फेब्रुवारी 1941 ला बंद पडलं होतं, हेही सांगायचं. त्याआधीच्या शनिवार-रविवारी जर्मनांनी सिनेगॉगसमोरच्या चौकात चारशेहून जास्त ज्यू तरुणांना मारहाण करून पकडून नेलं. त्यावर कम्युनिस्ट कामगारांनी संपाची हाक दिली. ट्राम थांबल्या, गोदी थांबली, दुकानं बंद झाली. दोन दिवसांत संप चिरडला. डॉकवेर्करचा पुतळा त्या संपाचा, तो 1952 मध्ये बसवला. दर 25 फेब्रुवारीला लोक तिथे फुलं घेऊन येतात. मी जातो. मंडळाच्या वतीने एक पुष्पचक्र न्यावं असं मला बऱ्याच दिवसांपासून वाटतंय.

केतकी, मुलांना परत नेऊ नकोस. स्खाउबुर्गच्या समोरच्या फुटपाथवर काय घडलं, ते आठ वर्षांच्या मुलाला सांगता येतं. अनघा सांगेलच.

वसंतकाका

प्रेषक: सलील, हार्लेम

नमस्कार,

मी अलिबागचा. आमच्याकडे इस्रायल आळी आहे आणि तिथे मागेन आबोथ सिनेगॉग. लहानपणी शेजारचे ज्यू, म्हणजे रोहेकर, दिवेकर, नवगावकर म्हणजे कुणी वेगळे असं डोक्यातच नव्हतं. जुने लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे, कारण घाण्याचं काम आणि शनिवारी घाणा बंद. प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या नावाने ते मलिदा करायचे, त्यातले पोहे-खोबरं आम्हीही खाल्लेलं आहे. बहुतेक कुटुंबं पुढे इस्रायलला गेली.

हे सांगण्याचं कारण, वसंतकाकांची मेल वाचून मला तुलना करायचा मोह झाला आणि मी तो आवरला. आमची आळी ओस पडली कारण माणसं आपल्या इच्छेने निघाली. नंतर सुटीत मुलाबाळांना घर दाखवायलाही आली. इथली आली नाहीत. फेरीत कुणी 'आमच्या कोकणातही ज्यू होते' म्हणेल, मीच म्हणेन कदाचित, पण ते स्खाउबुर्गसमोर नको, वाटेत चहा पिताना बोलू.

गाइडबाईंना विचारण्यासारखं एक: या वस्तीला व्हेनिसच्या ज्यू वस्तीसारखी भिंत किंवा फाटक कधीच नव्हतं ना? ख्रिस्ती गरीबही इथेच राहायचे. मग फेब्रुवारी 1941 मध्ये जर्मनांनी काटेरी तारा लावून, पूल उचलून ती वेगळी पाडली, तेव्हा शेजाऱ्यांनी काय केलं? मला ते ऐकायचंय.

सलील

प्रेषक: अनघा, सांस्कृतिक समिती

मंडळी,

काकांची रस्त्याची सूचना मार्गात घेतली आहे. पुष्पचक्राचा विषय कार्यकारिणीपुढे मांडते, माझा पाठिंबा आहे. सलील, तुझा प्रश्न गाइडबाईंना आजच कळवला.

केतकी, आता तुझ्याबद्दल. प्लांटाज मिडनलानवरचं स्खाउबुर्ग हे नाटकगृह. 1942 च्या उन्हाळ्यापासून तिथे 46,000 हून अधिक माणसांना छावणीत पाठवण्याआधी डांबून ठेवलं. लहान मुलांना मात्र रस्त्यापलीकडच्या पाळणाघरात ठेवत. त्या पाळणाघराच्या प्रमुख हेन्रिएट पिमेंटेल, नाटकगृहातली नोंदवही सांभाळणारे वाल्टर झ्यूस्किंड आणि शेजारच्या अध्यापक विद्यालयाचे योहान फान हुल्स्ट यांनी मिळून, मदतनीस मुलींच्या साथीने, जवळपास सहाशे मुलं बाहेर काढली. झ्यूस्किंड मुलांची नावं नोंदींतून काढून टाकायचे. मुलं कुंपणावरून विद्यालयाच्या बागेत जायची, कधी पिशवीतून, कधी टोपलीतून. समोर ट्राम येऊन थांबली की पहारेकऱ्याची नजर अडायची, तेवढ्यात कुणीतरी मूल काखेत घेऊन ट्रामच्या आडून चालू लागायचं. ट्राम तिथून आजही जाते. तुझ्या लेकाला फुटपाथवर उभं करून ती येईपर्यंत थांबू आणि मग ही गोष्ट सांगू. आई-बापांनी मुलं अनोळखी हातांत का दिली, हे तो विचारेल. त्याचं उत्तर द्यायला आपण तिथे असू. पिमेंटेलबाई आणि झ्यूस्किंड वाचले नाहीत, हेही लपवायचं नाही. फान हुल्स्ट मात्र 107 वर्षं जगले.

विद्यालयाच्या त्या इमारतीत 2024 पासून राष्ट्रीय होलोकॉस्ट संग्रहालय आहे. बारा वर्षांखालच्या मुलांना घेऊन आपण आत जाणार नाही, मोठ्यांनी नंतर आपापलं जावं.

नावांच्या भिंतीवर एकेका माणसाची एकेक वीट आहे: नाव, जन्मतारीख, वय. मुलांना ती वाचू द्या. आपल्या वयाच्या मुलाची वीट ती शोधतातच, त्यांना अडवू नका.

बाकी तपशील. आमस्टेलवेनहून 25 नंबरची ट्राम झाउद स्टेशनपर्यंत, तिथून 51 नंबरची मेट्रो वॉटरलोप्लाइनला. सकाळी दहाला मेट्रोच्या दाराशी भेटू. चालणं फार नाही, पण उभं राहणं बरंच आहे, तेव्हा ज्येष्ठांनी घडीची खुर्ची आणावी. सिनेगॉगमध्ये पुरुषांनी डोकं झाकायचं असतं, टोपी दाराशी मिळते. दाराशी तपासणी होते म्हणून मोठ्या सॅक नकोत. म्युझियमकार्ड असेल तर बरोबर घ्या. चहा वर्थाइमपार्कमध्ये. थर्मास केतकी आणि मी आणतोय, आल्याचा बोलुस सगळ्यांसाठी घेणार आहे. तो इथल्या पोर्तुगीज ज्यूंचा गोड पदार्थ, अंडं चालत नसेल त्यांनी आधी सांगा. एका गटात वीसच जण, त्याहून जास्त झाले तर दुपारी दुसरी फेरी करू. नावं आणि मुलांची वयं बुधवारपर्यंत याच धाग्यावर कळवा.

अनघा