ताश्कंदला कोण कोण जाऊन आलंय? अनुभव येऊ द्या

मधुमालती:
काल टीव्हीवर शास्त्रीजींवरचा कार्यक्रम लागला होता. ताश्कंद ऐकलं आणि सगळी सहल डोळ्यांपुढून गेली. आम्ही दोघं एप्रिलमध्ये गेलो होतो. लोक तिथे उतरतात आणि दुसऱ्या दिवशी आफ्रोसियाब गाडी धरून समरकंदला पळतात. आम्ही मात्र रमलो.

शास्त्रीजींचं स्मारक आहे, त्यांच्या नावाचा रस्ताही आहे. १० जानेवारी १९६६ ला पाकिस्तानशी करारावर सह्या आणि त्याच रात्री, मध्यरात्रीनंतर ते गेले. शवपेटी विमानापर्यंत न्यायला सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांच्याबरोबर पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष अयुब खाननीही खांदा दिला. काही महिने आधी ज्याच्याशी लढाई झाली तो माणूस! तिथे उभं राहून हे आठवलं की काही बोलवत नाही. शेजारच्या बाकावर एक आजी मस्तपैकी बिया सोलत बसल्या होत्या, आम्ही कुठले ते विचारलं आणि 'हिंदुस्तान' म्हणताच राज कपूर, मिथुन सुरू.

तुमचेही अनुभव लिहा. मेट्रोबद्दल मी नंतर लिहिते, कुकरची शिट्टी झाली.

कऱ्हाडचा:
ताई, यशवंतरावही होते हो तिथे. संरक्षणमंत्री म्हणून शास्त्रीजींबरोबर गेले होते. आमच्याकडे जुनी माणसं ताश्कंद म्हटलं की आधी साहेबांचंच नाव घ्यायची. बाकी मी गेलेलो नाही, वाचतोय.

वऱ्हाडी ठेचा:
पुलाव! पुलावाचं कोणी बोलूनच नाही राहिलं. टीव्ही टॉवरजवळ ते मोठं पुलाव केंद्र आहे ना, बाहेर चुलाण्यांवर या एवढ्या कढया, त्यात एक माणूस फावड्यासारखा झारा घेऊन उभा. पिवळं गाजर, काबुली चणे, बेदाणे, वरून मटण. आणि मागितलं तर घोड्याच्या मांसाचं सॉसेज, काझी म्हणतात. आपण नाही खाल्लं बा. दुपारीच जा, संध्याकाळी गेलात तर कढया घासलेल्या दिसतील. तिखटाच्या नावानं शून्य. मी खिशात ठेच्याची डबी ठेवली होती.

निवांत:
आयडी सार्थ केलात ठेचाभाऊ 😂

शेवगा:
शाकाहारी लोकांचं काय? सासूबाई बरोबर येणार आहेत, कांदा-लसूणही चालत नाही त्यांना.

वऱ्हाडी ठेचा:
मग समर्थांचं नाव घ्या. बिनमटणाचा पुलाव मागा, वरचे तुकडे उचलून तोच ताटात देतात. भात तर मेंढीच्या चरबीतच शिजलेला.

मधुमालती:
शेवगा, घाबरू नका. चोरसू बाजारात जा. निळ्या घुमटाखाली आणि बाहेर मिळून फळं-सुकामेवा-लोणची सगळं मिळतं. जर्दाळू, अक्रोड, आणि कुर्त म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या खारट गोळ्या. नान तर काय सांगू! मधोमध दाबलेला, त्यावर टोकदार खिळ्यांच्या ठशाने टोचून नक्षी. त्या ठशाला चेकिच म्हणतात. नक्षी दिसायला आहेच, पण टोचल्यामुळे मधला भाग फुगत नाही. बाईने नान उलटा ठेवू दिला नाही, हातातून घेऊन सुलटा केला. सासूबाईंना हिरवा चहा, नान आणि खरबूज यावर दोन दिवस सहज निघतील. दशम्या न्याच मात्र.

किल्लारीकर:
मी कामानिमित्त गेलो होतो. फिरायला वेळ कमी मिळाला, पण भूकंपाच्या धैर्य स्मारकापाशी बराच वेळ थांबलो. २६ एप्रिल १९६६, पहाटे ५ वाजून २३ मिनिटं. काळ्या दगडाचा ठोकळा दुभंगलेला, त्यावर घड्याळाची वेळ कोरलेली, आणि भेग जमिनीवरून थेट माणसांच्या पुतळ्यांपर्यंत येते. बाई लेकराला छातीशी धरून, पुरुषाचा हात आडवा. शास्त्रीजी गेले त्याच वर्षी हे झालं. लाखो लोक बेघर, मग सोव्हिएत संघातल्या सगळ्या प्रांतांतून माणसं आली आणि शहर नव्याने उभं केलं. म्हणून तिथे जुनं कमी दिसतं, रुंद रस्ते आणि झाडं जास्त. पर्यटक म्हणतात 'समरकंदसारखं काही नाही', अरे, पडलं ना ते.

आमच्याकडे अनंत चतुर्दशीची रात्र होती, विसर्जन करून लोक नुकते झोपलेले. ९३ साली मी शाळेत होतो. आमच्या गावालाही बाहेरून मदत आली, सरळ रेषेतली पत्र्याची घरं, मग नवं गाव. त्या ताश्कंदच्या सरळ रेषेतल्या इमारती बघून मला कंटाळवाणं नाही वाटलं.

मधुमालती:
दादा 🙏

कऱ्हाडचा:
🙏

निवांत:
किल्लारीकर, मन भरून आलं. आमचे काका तेव्हा मदतीला म्हणून गेले होते, परतल्यावर महिनाभर नीट जेवले नाहीत.

पायवाट:
ताश्कंदच्या त्या भूकंपात नवोई नाट्यगृह मात्र टिकलं. लेनिनची समाधी बांधणारे श्चुसेव याचे वास्तुविशारद, १९४७ मध्ये खुलं झालं, आणि बांधकामावर दुसऱ्या महायुद्धातले जपानी युद्धकैदी होते. बाहेर जपानीतही पाटी आहे. आतली सहा दालनं सहा प्रदेशांच्या शैलीत: बुखारा, समरकंद, खोरेझम, फरगाणा, तेर्मेझ आणि ताश्कंद. गिलाव्यात कोरलेली नक्षी बघता बघता पहिला अंक हुकला असता. ऑपेरा कळला नाही, झोप छान लागली.

शेवगा:
मेट्रोत फोटो काढू देतात का? यूट्यूबवर कोणी म्हणालं बंदी आहे.

पायवाट:
होती. २०१८ पर्यंत होती, कारण ती आणीबाणीत आसरा म्हणूनही बांधलेली. आता बिनधास्त काढा. १९७७ ची, मध्य आशियातली पहिली. कोस्मोनावतलार स्थानकावर निळ्या भिंतीवर गोल चित्रांत गागारिन, तेरेश्कोवा आणि त्यांच्यासोबत उलुगबेग! पंधराव्या शतकातला तारे मोजणारा राजा अंतराळवीरांच्या रांगेत. अलिशेर नवोईला छताचे घुमट बघा, पख्ताकोरला कापसाची बोंडं भिंतीभर.

वऱ्हाडी ठेचा:
कापूस? मंग आमच्या यवतमाळलाबी एक मेट्रो द्या ना जी.

मधुमालती:
😂😂 मेट्रोचं मी लिहिणार होते, पायवाटने लिहून टाकलं. बरं झालं, पाहुणे आलेत.

चिंचगुळ:
माझी भाची बिश्केकला एमबीबीएस करतेय, तिथले बरेच जण सुट्टीत ताश्कंदला येतात म्हणे. तिच्यासाठी गोडा मसाला पाठवायचाय, कोणी जाणार असेल तर सांगा. अर्धा किलोच आहे.

पायवाट:
चिंचगुळताई, बिश्केक किर्गिझस्तानात, ताश्कंद उझबेकिस्तानात. मध्ये सीमा आहे.

चिंचगुळ:
हो हो माहितीये, पण जवळच ना?

निवांत:
पुण्याहून नागपूरला 'जाता जाता' द्या म्हणतात तसलं जवळ 😄

शेवगा:
पैशांचं काय? रोख न्यायची की कार्ड? व्हिसा?

पायवाट:
ई-व्हिसा घरबसल्या होतो. डॉलर न्या, तिथे सोम करून घ्या. साध्या जेवणाचं बिलही लाखात येतं, घाबरू नका, भागाकार करा. टॅक्सी ॲपवरूनच बोलवा, रस्त्यावर हात दाखवलात तर घासाघीस आलीच.

चिंचगुळ:
तीनशे ग्रॅम नेईल का कोणी?