वर्गातला प्रोजेक्टर, खिशातला फोन आणि पाटी: तुमचं काय मत?

डोंगरपायथा
नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेच्या शाळेत अठरा वर्षं शिकवतोय. सध्या माझ्याकडे चौथी-पाचवीचा जोडवर्ग आहे, पट ३१.

२२ जून २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि गावोगाव डिजिटल शाळेचं वारं सुटलं. आमच्याही गावाने यात्रेच्या वर्गणीतून पैसे बाजूला काढून शाळेला प्रोजेक्टर दिला. पहिली दोन वर्षं मी त्यावर व्हिडिओ लावले. पोरं रमायची, वर्ग शांत असायचा, बघायला आलेले पाहुणे खूश व्हायचे. एकदा जलचक्राचा व्हिडिओ तीनदा दाखवून झाल्यावर मी विचारलं, ढग कशाचा होतो? पोरांनी व्हिडिओतलं गाणं चालीसकट म्हणून दाखवलं. उत्तर मात्र एकालाही देता आलं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता माझ्याकडे रोजच्या वापरात एकच गोष्ट आहे, प्लिकर्सची कार्डं. प्रत्येक मुलाला पुठ्ठ्यावर चिकटवलेलं एक चौकोनी कार्ड, त्यावर काळी नक्षी. कार्डाची जी बाजू वर धराल ते तुमचं उत्तर: ए, बी, सी किंवा डी. सगळी कार्डं वर झाली की मी फोनचा कॅमेरा वर्गावरून एकदा फिरवतो आणि कोणी काय उत्तर दिलं ते फोनवर दिसतं. मुलांकडे फोन लागत नाही, माझा एक पुरतो. प्रत्येकाची नक्षी वेगळी असल्यामुळे शेजारच्याचं बघून उपयोग नाही.

मागच्या महिन्यात विचारलं, एक छेद तीन मोठा की एक छेद चार? ३१ पैकी २२ जणांनी ‘एक छेद चार’ धरलं. चार मोठे ना तीनपेक्षा! एरवी पुढच्या बाकावरच्या दोघींनी बरोबर उत्तर दिलं असतं आणि मी ‘शाब्बास’ म्हणून फळा पुसला असता. मग डब्यातल्या दोन भाकऱ्या घेतल्या. एक तिघांत वाटली, दुसरी चौघांत. “सर, चौघांत कमी येतंय की!” पुन्हा कार्डं वर. आता पाच जण चुकले, आणि ते पाच कोण हे मला ठाऊक होतं.

माझं मत असं झालंय की पोरांच्या डोक्यात काय चाललंय ते मास्तरला दाखवील तेवढंच साधन वर्गात ठेवावं. बाकीचं नसलं तरी अडत नाही. तुम्हाला काय वाटतं?

पाटीपेन्सिल
सर, तुमच्याबद्दल आदर ठेवून विरोध नोंदवतो. मी निवृत्त शिक्षक आहे. तुमच्याच गोष्टीत अपूर्णांक शिकवला कोणी? भाकरीने. फोनने फक्त मोजदाद केली. ती मोजदाद आम्ही तीस वर्षं पाटीवर केली. “उत्तर लिहा, पाट्या पालथ्या ठेवा, एक दोन तीन, वर!” साठ पाट्या एका नजरेत दिसायच्या. शिवाय पाटीवर पोर कसं चुकलं हे दिसतं. हातचा विसरला की पाढा चुकला, ते तुमच्या चार पर्यायांत कुठे कळतं?

डोंगरपायथा
गुरुजी, पाटीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. वजाबाकी आजही मी पाटीवरच घेतो. पण पाटी पुसली की गेली. महिन्याभराने मला कळावं लागतं की अमुक मुलगा अपूर्णांकाच्या दर प्रश्नाला चुकतोय. ३१ जणांचं, दोन इयत्तांचं सगळं डोक्यात राहत नाही.

पाटीपेन्सिल
वह्या तपासल्या की राहतं.

आकडेमोड
दिल्लीतला एक अभ्यास इथे सांगण्यासारखा आहे, २०१९ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या अर्थशास्त्राच्या नियतकालिकात छापून आलेला. मुरलीधरन, सिंग आणि गॅनिमियन हे त्याचे लेखक. ६१९ मुलं होती, शाळेनंतरच्या केंद्रात माइंडस्पार्क नावाच्या सॉफ्टवेअरवर शिकलेली मुलं आणि न शिकलेली मुलं अशी तुलना. प्रवेश चिठ्ठ्या टाकून दिला होता, म्हणजे हुशार पोरं निवडून घेतली नव्हती. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत चांगला फरक पडला. कारण असं की सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती, तरी शाळेत पुस्तक सहावीचंच चालू होतं. सॉफ्टवेअरने प्रत्येकाला त्याच्या पायरीवरचा प्रश्न दिला. एका शिक्षकाला चाळीस पोरांसाठी चाळीस पायऱ्यांवर उभं राहता येत नाही. म्हणून मी डोंगरपायथा सरांच्याही पुढे जाऊन म्हणेन की साधनाने शिकवायलाही हवं.

पाटीपेन्सिल
तो अभ्यास मीही वाचलाय. ती मुलं आठवड्याचे सहा दिवस रोज दीड तास जादा शिकत होती, आणि त्यातला निम्मा वेळ छोट्या गटात माणूस शिकवत होता. एवढा वेळ दिला तर कोणतंही पोर पुढे जाईल. आणि पायरीप्रमाणे शिकवायला संगणकच कशाला? ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने नव्वदच्या दशकात मुंबईच्या वस्त्यांतून काम सुरू केलं. पुढे इयत्ता बाजूला ठेवून वाचता येईल तसे गट पाडायची त्यांची पद्धत देशभर गेली. साहित्य काय, तर बाराखडीचा तक्ता आणि दहा-दहा काड्यांचे गठ्ठे.

आकडेमोड
जादा वेळेचा आक्षेप रास्त आहे. पण त्याच अभ्यासात सॉफ्टवेअर न मिळालेल्या मुलांपैकी सर्वांत मागे असलेल्या एक तृतीयांश मुलांची त्या महिन्यांत काहीच प्रगती दिसली नाही. ती मुलंही शाळेत होती. त्या मुलांचं काय करायचं, एवढंच विचारतो.

गोटेबोर्गकर
आम्ही स्वीडनमध्ये. मुलगा तिसरीत. इथे सरकारने २०२३ मध्ये पुस्तकांसाठी ६८.५ कोटी क्रोनर मंजूर केले आणि लहानग्यांच्या वर्गातली डिजिटल साधनांची सक्ती काढायचं ठरवलं. आधी सगळं टॅबवर नेलेला देश आहे हा! मुलाच्या बाई आता हाताने लिहून घेतात. घरी मराठीची वही मी आधीपासून ठेवली होती. पुसून पुसून भोक पडलेला ‘क्ष’ तिच्यात आहे, आणि तो त्याला पक्का येतो. टॅबवर बोट फिरवून गिरवलेली अक्षरं दोन दिवसांत विसरला होता. माझं मत पाटीपेन्सिल काकांच्या बाजूने.

दोनशिक्षकी
सगळ्यांचं वाचलं. आमची शाळा पहिली ते चौथी, शिक्षक दोन. लोकवर्गणीतून आलेला प्रोजेक्टर जुन्या टॉवेलात गुंडाळून कपाटात आहे, कारण त्याचा दिवा गेला आणि नव्या दिव्याला पैसे कुठल्या खात्यातून घालायचे ते कोणी सांगत नाही. वीजबिल थकलं म्हणून दोन महिने जोडणी तोडली होती. मग तंत्रज्ञान वापरतो कुठे? माहिती भरायला. पोषण आहाराचा रोजचा आकडा, हजेरी, कार्यक्रमाचे फोटो, आज याची लिंक, उद्या त्याची. फोन माझा, रिचार्ज माझा. सकाळी पहिल्या तासाला मी फोनमध्ये मान घालून बसते आणि समोर पहिलीची पोरं माझ्याकडे बघत बसतात. डोंगरपायथा सर, तुमची कार्डं मला पटली, अगदी मनापासून पटली. पण या पहिल्या तासातून फोन काढून घेतलात तर मला जास्त शिकवता येईल.

उसाच्याफडात
मी बीडकडचा शिक्षक. दिवाळीनंतर माझ्या वर्गातली निम्मी पोरं आई-बापाबरोबर ऊसतोडीला जातात. त्यांना शाळेची आठवण राहावी म्हणून मी रोज रात्री पाच मिनिटं गोष्ट वाचून आवाज पाठवतो. व्हिडिओला डेटा लागतो, आवाज लगेच जातो. फोन बापाकडे असतो, तो फडातून अंधार पडल्यावर येतो. तरी एका पोरीने मार्चमध्ये परत आल्यावर मला अख्खी गोष्ट ऐकवली. इथे पाटी पोहोचत नाही, काका.

पाटीपेन्सिल
इथे मात्र माझ्याकडे उत्तर नाही. ते आवाज पाठवणं बंद करू नका.

आई_सेमीची
पालक म्हणून थोडं बोलते. ‘प्रथम’च्याच ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत, २०२४ मध्ये ग्रामीण भागात १४ ते १६ वयाच्या ८२ टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. शाळा गृहपाठ फोनवर पाठवते तेव्हा तो फोन माझ्या घरात उघडतो, आणि बंद करताना भांडण मला करावं लागतं. सरांचा मार्ग मला बरा वाटतो तो यासाठी की त्यात पोराच्या हातात पुठ्ठा आहे.

पाटीपेन्सिल
डोंगरपायथा सर, एक विचारायचं राहिलं. त्या पाच जणांचं पुढे काय झालं?

डोंगरपायथा
चौघांना दुसऱ्या दिवशी कागदाच्या पट्ट्या दुमडून घेतल्यावर जमलं. उरली एक मुलगी, तिचं पुन्हा चुकलं. शेजारी जाऊन बसलो तेव्हा लक्षात आलं की तिला फळ्यावरचा प्रश्नच वाचता येत नव्हता. मी वाचून दाखवल्यावर लगेच म्हणाली, “चौघांत कमी येतं ना सर, मग तीनवाला मोठा.” तिला अपूर्णांक येत होता. चौथीपर्यंत तिला वाचता येत नाही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, वह्या तपासूनही. फळ्यावरचं ती चित्रासारखं उतरवून काढायची, सुवाच्य.

आता मधल्या सुट्टीत पंधरा मिनिटं तिला घेऊन बसतो. काड्या आणि बाराखडीचा तक्ता, तुम्ही सांगितलात तोच.

पाटीपेन्सिल
माझं मत बदललेलं नाही, पाटी आधी. पण सुवाच्य वहीने मीही किती जणांना पुढच्या वर्गात घातलं असेल, हे दुपारपासून मनात चाललंय. ती पोरगी जोडाक्षरं वाचायला लागली की इथे कळवा.