मदत हवी आहे: इल्मेनाइटचं गणित धातूकडे का जातंय?

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत एमएस्सीला आहे. मांडवीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू लहानपणापासून पायाखाली, म्हणून प्रोजेक्टला तीच घेतली. जुन्या स्पीकरच्या चुंबकाला तिचे थोडेच कण चिकटतात, ते बहुधा मॅग्नेटाइट (लोहाचं चुंबकीय ऑक्साइड). निओडिमियमचं जास्त ताकदवान चुंबक जवळ नेलं की उरलेल्यातलेही बरेच उडी मारतात. ते इल्मेनाइट (लोह-टायटॅनियमचं ऑक्साइड, FeTiO₃) असावं. खोलीच्या तापमानाला ते पॅरामॅग्नेटिक (चुंबकाकडे थोडंसंच ओढलं जाणारं) असतं, साधारण ५५-६० केल्विनखाली अँटिफेरोमॅग्नेटिक (लोहाचे स्पिन, म्हणजे अणूंचे छोटे चुंबक, आलटून पालटून उलटे) होतं.

अडलंय ते पुढे. क्वांटम एस्प्रेसोत (पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांचं गणित करणारं सॉफ्टवेअर) १० अणूंचा र्‍हॉम्बोहेड्रल सेल (स्फटिकाचा पुन्हा पुन्हा येणारा सर्वात लहान तुकडा) घेऊन साधं पीबीई (या गणितातली एक नेहमीची अंदाजपद्धत) चालवलं, तर बँड गॅपच (इलेक्ट्रॉनांच्या भरलेल्या आणि रिकाम्या पातळ्यांमधलं ऊर्जेचं अंतर) दिसत नाही, म्हणजे गणितात ते धातू ठरतं! खरं तर हा अर्धवाहक, गॅप अडीच इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास. लोह Fe²⁺, हायस्पिन d⁶ (d कक्षेत सहा इलेक्ट्रॉन, शक्य तितके एकाच दिशेच्या स्पिनचे). टायटॅनियम Ti⁴⁺, d कक्षा रिकामी. म्हणजे दोष लोहाच्या d इलेक्ट्रॉनांच्या हाताळणीत, असं वाटतं. हबर्ड यू (d इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या प्रतिकर्षणासाठीची दुरुस्ती) ४ की ५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ठेवू? की लिनिअर रिस्पॉन्सने (ही किंमत गणितातूनच काढायची पद्धत) स्वतःच काढू?

दुसरं म्हणजे, लोहाच्या एका थरातले स्पिन एकाच दिशेला आणि शेजारच्या थरातले उलटे. मग c अक्षावर (थरांना लंब दिशेत) सेल दुप्पट करावाच लागेल ना? माझा लॅपटॉप २० अणूंना धापा टाकतो, त्यात पावसात लाईट गेली की रन पहिल्यापासून. (रीस्टार्ट फाईल कशी वापरायची तेही सांगा, हसू नका.)

कुणी हे केलं असेल तर इनपुट फाईल दाखवाल का?